लोलकाने शोध घ्यायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे चुलते पाणाडी, म्हणजे जमिनीखालचे पाणी दाखवणारे, होते. त्यांच्याकडून बेचक्याची काठी माझ्या हाती आली आणि पुढे मी लोलक धरायला शिकलो. नव्याने लोलक घेणारे आणि शेतात बोअर घेण्याच्या विचारात असलेले लोक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. आधी अगदी सुरुवातीचे प्रश्न आहेत. कायदा, आजार आणि पैसा यांच्याशी संबंध असलेले अवघड प्रश्न नंतर येतात.

१. लोलक म्हणजे नक्की काय, आणि त्याने शोध घेणे म्हणजे काय?

दोऱ्याच्या किंवा साखळीच्या टोकाला लहानसे वजन बांधले की लोलक तयार होतो. तो चिमटीत धरून मनात एखादा प्रश्न ठेवायचा, किंवा तो घेऊन जमिनीवरून सावकाश चालायचे, आणि त्याच्या झोक्यावरून उत्तर घ्यायचे, एवढीच ही पद्धत आहे. याच जातीची इतर साधने आपल्याकडे जास्त ओळखीची आहेत: तळहातावर आडवा ठेवलेला आणि पाण्याच्या जागी उभा राहतो असे मानला जाणारा नारळ, कडुनिंबाची किंवा उंबराची बेचक्याची काठी, आणि काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन तारा. युरोपात बेचक्याची काठी खाणकामगार वापरत असत. सॅक्सनीतील जॉर्जिअस ॲग्रिकोला याच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन आहे. लोलकाची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील काही कॅथलिक धर्मगुरूंनी लोकप्रिय केली.

२. सुरुवातीला कोणता लोलक घ्यावा? स्फटिकाचाच लागतो का?

लागत नाही. स्फटिक, रुद्राक्ष, पितळ, चंदन यांपैकी कशानेही उत्तरात फरक पडत नाही, हे तुम्ही प्रश्न ११ मधील पद्धतीने घरीच पडताळून पाहू शकता. गवंड्याचा लहान ओळंबा उत्तम. तो नसेल तर सुती दोऱ्याला बांधलेली अंगठी किंवा जड नटही चालतो. वजन चहूबाजूंनी सारखे असावे आणि दोरा पिळदार नसावा, म्हणजे लोलक स्वतःभोवती फिरत बसत नाही.

फरक पडतो तो दोऱ्याच्या लांबीने. २५ सेंटीमीटर दोऱ्याचा लोलक एका सेकंदात एक पूर्ण झोका घेतो, एक मीटर दोऱ्याला दोन सेकंद लागतात, आणि सहा-सात सेंटीमीटरचा लोलक अर्ध्या सेकंदात जाऊन परत येतो. फार आखूड दोरा नुसता थरथरतो, फार लांब दोरा आळशी वाटतो. म्हणून १५ ते २५ सेंटीमीटरपासून सुरुवात करावी. हाताच्या नैसर्गिक लयीला जी लांबी जुळते तिथे लोलक चटकन झोके घेऊ लागतो, आणि तिथे दोऱ्याला गाठ मारून ठेवावी.

३. तो धरायचा कसा?

अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, बोटे जमिनीकडे वळवून, मनगट सैल ठेवून धरावा. कोपर टेकवावे की मोकळे ठेवावे, हे शिकवणारे वेगवेगळे सांगतात. कोपर मोकळे असेल तर लोलक जास्त हलतो, टेकवले तर कमी. याचे कारण प्रश्न ५ मध्ये आले आहे. पंखा बंद करावा, दारासमोर बसू नये. दिशा, वार, तिथी, काळे कापड किंवा मीठ यांपैकी कशाचीही गरज मला आजवर पडलेली नाही.

४. 'हो' आणि 'नाही' कसे ठरवायचे?

ज्याचे उत्तर पक्के माहीत आहे असा प्रश्न मनात ठेवा, उदाहरणार्थ 'माझे नाव अमुक आहे का?', आणि लोलक कसा फिरतो ते पाहा. बहुतेकांच्या हातात तो एका प्रश्नाला पुढे-मागे आणि दुसऱ्याला आडवा किंवा गोल फिरतो. कोणाच्या हातात 'हो' उजवीकडून गोल असते, कोणाच्या हातात सरळ रेषेत. यात बरोबर-चूक असे काही नाही. 'आज मी "हो"साठी पुढे-मागे असे ठरवतो' असे मनाशी म्हटले, तरी काही मिनिटांत लोलक तसाच हलू लागतो, आणि ही गोष्ट स्वतः करून पाहण्यासारखी आहे. नुसत्या ठरवण्याने अर्थ बदलतो, यावरून हा अर्थ कुठून येतो हे कळायला सुरुवात होते.

प्रश्न नेहमी एकेरी असावा. 'या शेतात पाणी आहे आणि ते गोड आहे का?' हा एक प्रश्न नव्हे, दोन प्रश्न आहेत.

५. मी हात अजिबात हलवत नाही, तरी लोलक हलतो. मग त्याला हलवते कोण?

तुमचाच हात हलवतो. हे ऐकून अनेकांना वाईट वाटते, काहींना रागही येतो, कारण आपण मुद्दाम काही करत नाही हे त्यांना आतून ठाऊक असते, आणि ते खरेच असते. हात हलतो, पण तुमच्या नकळत. झोपाळ्यावरच्या मुलाला दर झोक्याला एका बोटाने ढकलले तरी झोका चढत जातो. तसेच बोटांची मिलीमीटरहूनही कमी असलेली हालचाल लोलकाच्या लयीशी जुळली की दहा-बारा झोक्यांत तो चांगलाच झुलू लागतो.

मिशेल युजीन शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे फार सुंदर रीतीने दाखवले. पाऱ्यावर धरलेली लोखंडी अंगठी आपोआप झुलते असा समज होता, आणि त्याच्याही हातात ती झुलली. मग त्याने हाताला लाकडी आधार दिला आणि तो आधार खांद्याकडून हळूहळू बोटांकडे सरकवत नेला. झोका कमी कमी होत गेला आणि बोटेच टेकली तेव्हा थांबला. मध्ये काच धरली की अंगठी थांबते, असेही त्याला आधी दिसले होते. पण डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याला काच सरकवायला सांगितल्यावर काचेचा काही परिणाम उरला नाही. हे सगळे त्याने १८३३ साली भौतिकशास्त्रज्ञ आंपेर यांना लिहिलेल्या पत्रात प्रसिद्ध केले. पुढे १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने, मनातली नुसती कल्पना इच्छेच्या मध्यस्थीशिवाय स्नायूंना हलवू शकते, या गोष्टीला स्वतंत्र नाव दिले. आपल्याकडे प्लँचेटची वाटी सरकते तीही याच कारणाने.

हा प्रयोग प्रत्येक नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात करावा, असा माझा आग्रह आहे. प्रथम हात मोकळा ठेवून लोलक झुलवा. मग कोपर टेबलावर टेका. मग मनगटाखाली पुस्तकांची चळत ठेवा. शेवटी लोलक धरलेली बोटेच चळतीच्या कडेवर टेकवा. प्रत्येक पायरीवर झोका किती लहान होतो ते लिहून ठेवा.

६. माझा लोलक हलतच नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. खांदे सैल करा, दोरा थोडा लांब करा, आणि लोलक पुढे-मागे जातो आहे असे डोळ्यांसमोर आणा. तरीही हलला नाही तर तुमचा हात स्थिर आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

७. पायाळू माणसालाच पाणी दिसते, किंवा रक्तगट 'ओ पॉझिटिव्ह' असावा लागतो, हे खरे आहे का?

दोन्ही समजुती महाराष्ट्रभर ऐकू येतात. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीखालचे पाणी आणि धन दिसते, ही समजूत जुनी, रक्तगटाची अलीकडची. रक्तगट ठरतो तो तांबड्या पेशींवरच्या प्रथिने-शर्करांवरून, आणि त्यांचा हाताच्या स्नायूंच्या सूक्ष्म हालचालींशी संबंध नाही. शिवाय 'ओ पॉझिटिव्ह' हा आपल्याकडे सर्रास आढळणारा गट असल्याने, यशस्वी पाणाड्यांत तो बऱ्याच जणांचा निघणे स्वाभाविक आहे. पायाळूपणाच्या समजुतीची बाजू मात्र गंभीर आहे. गुप्तधनाच्या मागे लागलेल्या लोकांनी अशा मुलांना वेठीस धरू नये म्हणून, आपले मूल पायाळू आहे हे गावभर सांगू नये, असे घरातल्या बायका पूर्वी म्हणत, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

८. थेट सांगा: लोलकाने किंवा काठीने जमिनीखालचे पाणी सापडते का?

पाणी कुठे आहे याचा दुसरा कोणताही सुगावा मिळणार नाही अशी व्यवस्था करून जेव्हा जेव्हा नीट परीक्षा घेतल्या गेल्या, तेव्हा उत्तरे अंदाजपंचे सांगण्यापेक्षा सरस निघाली नाहीत.

सर्वांत मोठी परीक्षा १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाडीवर ठेवून इकडून तिकडे हलवला जाई आणि वरच्या मजल्यावरून जाणकाराने त्याची जागा सांगायची असे. मोठ्या संख्येने आलेल्या लोकांतून निवडलेल्या ४३ जणांनी एकूण ८४३ वेळा प्रयत्न केला. प्रयोग करणारे भौतिकशास्त्रज्ञ हान्स-डीटर बेट्झ यांच्या मते त्यांतील मोजक्या काहींना खरेच कसब होते. परंतु अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून १९९९ मध्ये दाखवून दिले की, एका फेरीत चांगला ठरलेला माणूस पुढच्या फेरीत तसा ठरत नव्हता. १९९० साली जर्मनीतच कासेल येथे ३० जणांची परीक्षा झाली. पुरलेल्या प्लास्टिकच्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते, आणि तिथेही निकाल नशिबाइतकाच लागला.

मला हे मान्य करायला बरीच वर्षे लागली. चुलत्यांनी दाखवलेल्या विहिरी मी डोळ्यांनी भरलेल्या पाहिल्या होत्या. त्या विहिरी खोट्या नव्हत्या. त्यांचा उलगडा पुढच्या उत्तरात केला आहे.

९. मग आमच्या गावच्या पाणाड्याचे इतक्या वेळा बरोबर कसे येते?

याची दोन कारणे आहेत. पहिले जमिनीत आहे, दुसरे पाणाड्याच्या डोळ्यांत.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला आहे. थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि कुजका, मधला भाग घट्ट कातळ, आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबडी चिकण माती असते. पाणी साठते ते वरच्या मुरमात, कुजक्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. ओढ्याकाठच्या किंवा खोलगट भागात मुरमाचा हा थर दूरवर पसरलेला असतो. पावसाळा बरा झालेला असेल तर तिथे पाच-सहा परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोली) कुठेही विहीर खणली तरी थोडेफार पाणी लागतेच. दाखवलेल्या जागेपासून वीस पावलांवर दुसरी विहीर खणून कोणी पाहत नाही, म्हणून तिथेही पाणी होते हे कळत नाही. खोल बोअरचे गणित वेगळे असते. कातळात भेग सापडली तरच पाणी, नाहीतर नुसती राखाडी भुकटी. तिथे पाणाड्यांचे अंदाज फार वेळा चुकतात, आणि कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट पारावर सहसा सांगितली जात नाही.

दुसरे कारण मी जवळून पाहिले आहे. चुलत्यांबरोबर मी एकदा एका माळाला लागून असलेल्या शेतात गेलो होतो. त्यांनी काठी लगेच काढली नाही. बांधावर बसून पान खाल्ले, शेतमालकाला शेजारच्या विहिरीला किती परसांवर मांजऱ्या खडक लागला ते विचारले, मग ओढ्याच्या कडेने चालत गेले. एका जागी एप्रिलच्या उन्हातही हरळी हिरवी होती, पलीकडे जांभूळ होते आणि त्याच्या बुडाशी वारूळ. त्यांची नजर त्या जागेवर दोन वेळा जाऊन आली. त्यानंतर काठी बाहेर आली, आणि चालता चालता ती बरोबर त्या हरळीपाशी खाली वळली. ते फसवत नव्हते. काठी खाली ओढली जात असल्याचे त्यांना हातांत खरोखर जाणवत होते. पण जागा डोळ्यांनी आधीच सापडली होती आणि हातांनी ती सांगितली.

ही नजर आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक पूर्ण अध्याय जमिनीखालच्या पाण्याच्या खुणांवर आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी मिळते, असे त्यात म्हटले आहे. विहिरीची खोली आपण आजही ज्या परसांत मोजतो, तो परस म्हणजे हाच पुरुष. झाडे, वारुळे, मातीचा रंग, दगडाचा प्रकार यांच्या आधाराने तिथे पाणी ओळखलेले आहे. त्यातला प्रत्येक आडाखा आजच्या कसोटीला उतरेल असे नाही, पण बघण्याची रीत खरी आहे. ॲग्रिकोलानेही हेच लिहून ठेवले की, जमिनीच्या नैसर्गिक खुणा ओळखणाऱ्या शहाण्या खाणकामगाराला काठीची गरज नाही.

१०. लोलक खोली आणि 'किती इंची पाणी' हेही सांगतो का?

झोके मोजून 'एक झोका म्हणजे दहा फूट' असा हिशेब काही जण करतात. झोके किती पडणार हे तुमच्या मनातला अंदाज ठरवतो. शेजारच्या बोअरला १८० फुटांवर पाणी लागल्याचे तुम्ही ऐकलेले असेल, तर लोलक त्याच्या आसपासच थांबेल. त्यापेक्षा शेजाऱ्याला नीट विचारून घ्यावे. काय काय विचारायचे, ते प्रश्न १३ च्या उत्तरात पाहा.

११. माझ्या हाताला खरेच कळते की नाही, हे मी घरी कसे तपासू?

दोन सारखे, अपारदर्शक, झाकणाचे डबे घ्या. एकात पाण्याने भरलेला पेला ठेवा, दुसऱ्यात तितक्याच वजनाची वाळू भरलेला पेला. पाणी कोणत्या डब्यात हे दर वेळी नाणे उडवून ठरवायचे. डबे लावणाऱ्याने ते लिहून ठेवून खोलीबाहेर जायचे आणि मगच तुम्ही आत यायचे. तो समोर उभा असेल तर त्याचा चेहरा, श्वास, नजर यांवरून तुम्हाला नकळत सुगावा लागतो, आणि तुमचा हात तो सुगावा लोलकापर्यंत पोहोचवतो. असे २० वेळा करा. सर्व उत्तरे लिहून झाल्यावरच कागद जुळवून पाहा. मध्येच बघितले तर परीक्षा मोडली.

नुसत्या नशिबाने २० पैकी १० च्या आसपास उत्तरे बरोबर येतात. १२ किंवा १३ आली तर आनंद होतो, पण त्यात विशेष काही नसते. १५ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता नशिबाने सुमारे दोन टक्के असते. म्हणजे पन्नास लोकांनी ही परीक्षा दिली तर एखाद्याला ती कसबाशिवायही साधेल. म्हणून १५ च्या वर गेलात तर दुसऱ्या दिवशी आणखी २० वेळा करा, आणि दोन्ही दिवसांचे आकडे एकत्र धरा. वाईट दिवस वगळायचा नाही, 'आज मन लागत नव्हते' म्हणून खोडायचे नाही.

१२. एकाच प्रश्नाला सकाळी 'हो' आणि संध्याकाळी 'नाही' आले. कोणते धरायचे?

कोणतेही धरू नका. मधल्या काळात तुमचे मन बदलले आणि हाताने ते दाखवले. कोणता निर्णय घेतल्यावर हायसे वाटते हे ओळखायला याचा चांगला उपयोग होतो, पण प्रश्न बाहेरच्या जगातल्या वस्तुस्थितीचा असेल तर अशा उत्तरांची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

१३. यंदा बोअर घ्यायची आहे. लोलक वापरावा का?

आधी पुढील कामे उरकावीत. जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते. तिथे भूवैज्ञानिकांकडून तुमच्या पाणलोटाची माहिती घ्यावी आणि विद्युत-रोधकता पद्धतीने (जमिनीत वीजप्रवाह सोडून थरांचा विरोध मोजण्याच्या पद्धतीने) जागा तपासून मिळते का ते विचारावे. मग आजूबाजूच्या विहिरी आणि बोअर यांची यादी करावी: किती फुटांवर मुरूम संपला, कातळ कुठे लागला, पाणी पहिल्यांदा कुठे आले, आणि पाणी मे महिन्यात टिकते की फेब्रुवारीतच आटते. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच लोक विचारायचे विसरतात. या माहितीवरून दोन-तीन जागा निघतील. त्यानंतर, जागा तुल्यबळ असतील आणि तुमची इच्छा असेल, तर लोलकाने त्यांतली एक निवडा. नाणे उडवूनही निवडली असती, हे लक्षात असले म्हणजे झाले.

मशीन येण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट कागदावर लिहून घरातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात: जास्तीत जास्त किती फूट. मी हे अनुभवाने सांगतो. आमच्या स्वतःच्या शेतात आम्ही एकदा भूवैज्ञानिकाने सुचवलेली जागा सोडून माझ्या लोलकाने दाखवलेल्या जागी बोअर घेतली. रात्री अकरापर्यंत केसिंगच्या तोंडातून राखाडी भुकटीचा लोट उडत होता. दर पन्नास फुटांना मी लोलक धरत होतो आणि दर वेळी तो 'अजून थोडे' म्हणत होता, कारण दर वेळी मलाच तसे वाटत होते. चारशे फुटांवर वडिलांनी मशीन थांबवायला सांगितले. भुकटी शेवटपर्यंत कोरडीच होती. त्या वर्षी बहिणीच्या कॉलेजची फी उसनवारीने भरावी लागली.

कायद्याचेही पाहावे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि गावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर घेण्यावरही बंधने आहेत. तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी.

१४. नकाशावर किंवा मोबाइलवरच्या फोटोवर लोलक धरून जागा सांगता येते का?

परगावच्या किंवा परदेशातल्या मुलांकडून गावच्या शेतासाठी अशी विनंती वारंवार येते. मी ती स्वीकारत नाही. शेतात निदान हरळी आणि जांभूळ दिसते (प्रश्न ९). कागदावर तेही दिसत नाही.

१५. हरवलेली वस्तू लोलकाने सापडते, असा माझा अनुभव आहे. हे कसे?

वस्तू तुम्ही स्वतः ठेवली असेल तर हे घडू शकते, आणि लोलकाचा हा उपयोग मला मनापासून आवडतो. किल्ली ठेवल्याचे तुम्हाला आठवत नाही, पण घरातून फिरताना देव्हाऱ्याच्या फळीशी हात किंचित थबकतो. तुमच्याच स्मृतीतला धूसर ठसा लोलक मोठा करून दाखवतो. तरीही सापडल्याच्या आठवणी मनात राहतात आणि न सापडल्याच्या जातात, म्हणून वहीत दोन्हींची नोंद ठेवा. वस्तू दुसऱ्याने ठेवलेली असेल किंवा चोरीला गेली असेल, तर हा मार्ग सोडावा. विशेषतः चोर कोण हे लोलकाला कधीही विचारू नये. तुमच्या मनातला संशय तो एखाद्याच्या नावावर नेऊन थांबवेल, आणि निरपराध माणसाचे आयुष्य त्यात होरपळेल.

१६. औषध लागू पडेल का, आजार कोणता, हे विचारावे का?

विचारू नये. प्रकृतीच्या प्रश्नात भीती आणि आशा दोन्ही तीव्र असतात, त्यामुळे हात भीतीचे किंवा आशेचे उत्तर देतो. गोळ्यांच्या पाकिटावर लोलक धरून रक्तदाबाचे औषध बंद केलेली माणसे मला भेटली आहेत. त्यांना मी लोलक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले.

१७. गरोदर बाईच्या पोटावर अंगठी धरून मुलगा की मुलगी सांगतात. गंमत म्हणून चालेल का?

चालणार नाही. उत्तर दोनच असल्याने निम्म्या वेळा ते बरोबर येणारच, आणि त्यावरच लोकांचा विश्वास बसतो. गर्भलिंगनिदान आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे, आणि त्याची जाहिरात करणे हा तर, पद्धत शास्त्रीय असो वा अन्य कोणतीही, गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, 'मुलगी' असे ऐकल्यानंतर त्या घरात त्या बाईच्या वाट्याला काय येऊ शकते, हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको.

१८. जादूटोणाविरोधी कायद्याने पाणी दाखवणे गुन्हा ठरते का?

नाही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, भूगर्भातील पाण्याबाबत पाणाड्याने दिलेला सल्ला स्पष्टपणे वगळलेला आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत मात्र, मौल्यवान वस्तू किंवा जलस्रोत शोधण्याच्या बहाण्याने केलेली अमानुष व अघोरी कृत्ये गुन्हा मानली आहेत. म्हणजे काठी धरून जागा दाखवणे हा गुन्हा नाही. त्यासाठी बळी देणे किंवा कोणाला इजा करणे हा गुन्हा आहे.

१९. पाणी आणि सोने दोन्ही दाखवणारे अँटेनाचे यंत्र मिळते. ते लोलकापेक्षा बरे का?

मुठीत सैल फिरणारा अँटेना हा आडवा लोलकच असतो, आणि त्यालाही तुमचा हातच फिरवतो. असे यंत्र केवढे भयंकर ठरू शकते याचे उदाहरण इराकमध्ये घडले. बॉम्ब ओळखणारे यंत्र म्हणून 'एडीई ६५१' नावाची अशी उपकरणे तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरली गेली. ती विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. विकणारा समोर असेल तर त्यालाच प्रश्न ११ मधील परीक्षा द्यायला सांगावी.

गुप्तधनासाठी तर अशा यंत्राच्या वाटेला जाऊच नये. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

२०. मुलांना लोलक शिकवावा का?

जरूर शिकवावा, आणि प्रश्न ५ व ११ मधील प्रयोगांसह शिकवावा. आठवी-नववीतल्या मुलाला दोऱ्याची लांबी बदलून झोक्याचा वेळ मोजू द्या, मग डबे लावून परीक्षा घेऊ द्या. आपले शरीर आपल्या नकळत कसे वागते, आणि स्वतःला फसू न देता प्रश्न कसा विचारायचा, हे एका दोऱ्याने आणि नटाने शिकता येते.

२१. माझे आजोबा पाणाडी आहेत. हे सगळे वाचल्यावर त्यांच्याशी काय बोलू? त्यांना दुखवायचे नाही.

'तुमची काठी खोटी आहे' असे म्हणू नका. ते खरेही नाही आणि त्याने काही साधणारही नाही. त्यांच्याबरोबर शेतात जा आणि काठी घरी ठेवायची विनंती करा. ही माती कुठवर पोयट्याची आहे, कोणत्या बांधावर उन्हाळ्यातही गवत टिकते, कोणत्या साली कोणती विहीर आटली, कुठल्या पाझराचे पाणी मचूळ आहे, हे सगळे त्यांना विचारा आणि वहीत लिहा. माझ्या चुलत्यांकडे असे पन्नास वर्षांचे ज्ञान होते. त्यांना लिहिता येत नव्हते, आणि मला ते लिहून घ्यायचे सुचले तोवर ते गेले होते. आता त्या ओढ्याकाठच्या जांभळाखाली कुठल्या बाजूला पाणी वर होते, हे सांगणारे गावात कोणी उरलेले नाही.